डिझेलची महागाई आणि पिकअपवाल्याचा हिशेब

माल पिकतो एके ठिकाणी आणि खपतो दुसऱ्या ठिकाणी. या दोन ठिकाणांमधील अंतर तोडण्याचे जे मोल द्यावे लागते त्यास आपण भाडे म्हणतो. व्यापाऱ्याच्या चोपडीत भाडे ही खर्चाची एक लहानशी ओळ असते. परंतु ज्याची गाडी त्या भाड्यावर चालते त्याच्या दृष्टीने त्या एका ओळीत त्याचा सारा संसार सामावलेला असतो. आदिलाबाद जिल्ह्यात आपल्या दुकानांचा, अडतींचा आणि जिनिंगांचा बराचसा माल ज्या लहान मालवाहू गाड्यांतून ये-जा करतो, त्या गाड्यांच्या मालकांपुढे डिझेलच्या दराने मोठाच प्रश्न उभा केला आहे. हे गाडीमालक या महागाईस कसे तोंड देतात, त्यांच्या उपायांपैकी खरे कोणते व फसवे कोणते, आणि या कामी आपणां व्यापाऱ्यांच्या हाती काय आहे, याचा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

जिल्हा आणि त्याची वाहतूक

आदिलाबाद हा पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील सीमेवरचा जिल्हा होय. नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यातील पाटणबोरी व पांढरकवडा, आणि पश्चिमेस नांदेड जिल्ह्यातील किनवट. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख हैदराबाद राज्यात होता. नंतर तो आंध्र प्रदेशात आला. २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी मूळ मोठ्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, जिल्हे बदलले, तरी व्यापाराची वाट बदलली नाही. नागपूर-हैदराबाद महामार्ग, ज्याचा क्रमांक पूर्वी ७ होता व आता ४४ आहे, जिल्ह्याच्या मधून जातो. आदिलाबादेहून नागपूर सुमारे २०० किलोमीटर, हैदराबाद सुमारे ३०० आणि निर्मल सुमारे ८० किलोमीटर आहे. किराणा माल नागपूरच्या इतवारीतून किंवा हैदराबादच्या बेगम बाजारातून येतो, फळफळावळ कळमन्याहून येते. आणि इकडून कापूस, सोयाबीन, तूर बाहेर जाते.

महामार्ग सोडला की चित्र पालटते. गुडीहत्नूरहून इंद्रवेल्ली व उटनूरकडे जाणारा रस्ता डोंगराळ आहे. बेला, जैनथ, तलमडगू, बोथ या भागांत काळ्या मातीतून जाणाऱ्या वाटा पावसाळ्यात चिखलाने भरतात. अशा ठिकाणी मोठा ट्रक नेणे परवडत नाही, कारण तितका माल एका गावास एका वेळी लागतही नाही. एके काळी हे काम बैलबंडी करीत असे. आता ते पिकअप करते. २००५ साली टाटा एस ही गाडी निघाली, जिला लोकांनी 'छोटा हत्ती' असे नाव दिले. त्याआधीपासून महिंद्राच्या पिकअप गाड्या होत्याच. २०११ साली अशोक लेलँडची दोस्त आली. पाऊण टनापासून दीड-पावणेदोन टनांपर्यंत माल वाहणाऱ्या या गाड्यांनी आठवडी बाजारांस, लहान गावांतील दुकानांस आणि शेतकऱ्याच्या खळ्यास बाजारपेठेशी जोडले. या गाड्यांचे मालक बहुधा स्वतःच चालक असतात. एक गाडी, तिच्यावर कर्ज, आणि दरमहा ठरलेल्या तारखेस भरावयाचा हप्ता, एवढेच त्यांचे भांडवल.

दर कसा ठरतो

पूर्वी डिझेलचा दर सरकार ठरवीत असे. जानेवारी २०१३ पासून तेल कंपन्यांस दरमहा सुमारे ५० पैसे वाढविण्याची मुभा मिळाली, आणि १९ ऑक्टोबर २०१४ पासून दर बाजारावर सोपविण्यात आला. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता नवा दर लागू करण्याची पद्धत सुरू झाली. मे २०२० मध्ये केंद्र सरकारने डिझेलवरील अबकारी कर लिटरमागे १३ रुपयांनी वाढविला. तो ४ नोव्हेंबर २०२१ रोजी १० रुपयांनी आणि २२ मे २०२२ रोजी आणखी ६ रुपयांनी उतरविला.

तथापि गाडीमालकास खरा घाव बसतो तो दराच्या उंचीपेक्षा त्याच्या अनिश्चिततेमुळे. २२ मार्च ते ६ एप्रिल २०२२ या सोळा दिवसांत डिझेल लिटरमागे १० रुपयांनी महागले. हैदराबादेत दर १०५ रुपये ४९ पैशांवर गेला. मे महिन्यातील करकपातीनंतर तो ९७ रुपये ८२ पैसे झाला आणि जवळजवळ दोन वर्षे तेथेच राहिला. मार्च २०२४ मध्ये तो ९५ रुपये ६५ पैशांवर उतरला. ज्या मालकाने मार्च २०२२ च्या मध्यावर महिनाभराचे भाडे बोलून ठेवले होते, त्याने एप्रिलमध्ये आपल्याच खिशातून आपल्या गिऱ्हाइकाचा माल वाहिला, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, त्या वेळी डिझेल त्याच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. त्यामुळे मालाच्या खरेदीवर भरलेला कर जसा आपणांस पुढील करातून वजा मिळतो, तसा डिझेलवर भरलेला कर मिळत नाही. तो ज्याच्या अंगावर पडतो त्याच्याच अंगावर राहतो, अथवा भाड्यातून आपल्या मालाच्या किमतीत उतरतो.

एका खेपेचा हिशेब

कोणत्याही खर्चाचा विचार आकड्यांवाचून करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होय. यास्तव आपण एक कल्पित खेप घेऊ. समजा, एक पिकअप माल भरून आदिलाबादेहून नागपुरास जाते व रिकामी परत येते. भरलेली गाडी लिटरास १२ किलोमीटर आणि रिकामी १४ किलोमीटर चालते असे धरले, तर जाताना १६.७ लिटर आणि येताना १४.३ लिटर, एकूण ३१ लिटर डिझेल जळते. लिटरास ९६ रुपये धरल्यास डिझेलचाच खर्च २,९७६ रुपये होतो. टोल, टायरची झीज व चालकाचे जेवण वेगळे.

याखेरीज गाडी उभी असतानाही एक खर्च चालूच असतो. समजा, हप्ता, विमा व कर मिळून महिन्यास १८,००० रुपये पडतात. म्हणजे दिवसास ६०० रुपये, अर्थात सव्वासहा लिटर डिझेलची किंमत. गाडीने चाक हलविले नाही तरी हे सव्वासहा लिटर 'जळतात'. हे दोन आकडे, रिकाम्या परतीचे १४.३ लिटर आणि उभ्या दिवसाचे सव्वासहा लिटर, वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुढील सर्व विवेचन त्यांवरच उभे आहे.

चालकाच्या हातची काटकसर

प्रथम जे उपाय चालकाच्या स्वाधीन आहेत ते पाहू. यांतील पहिला म्हणजे वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी ६० ने गाडी नेली, तर हा अडथळा जवळजवळ ४४ टक्क्यांनी कमी होतो. पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही शासकीय संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाची शिफारस करीत आली आहे ती याच कारणाने. कापूस हा वजनाने हलका पण आकाराने मोठा माल असल्यामुळे कापसाच्या गाडीस वाऱ्याचा मार अधिक बसतो. ताडपत्री घट्ट आवळून बांधली आणि माल दोन्ही बाजूंस फुगू दिला नाही, तर केवळ दोरीच्या गाठीने डिझेल वाचते.

दुसरा उपाय चाकांतील हवा. टायर मऊ झाला की तो रस्त्यावर अधिक दबतो आणि इंजिनास तेवढे अधिक ओढावे लागते. हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. चाललेल्या टायरात हवा तापून दाब वाढलेला दिसतो व मापन फसवे होते. तिसरा उपाय हवेची जाळी, म्हणजेच एअर फिल्टर. जिनिंगच्या आवारात उडणारे कापसाचे तंतू आणि कच्च्या रस्त्याची धूळ यांनी ती आपल्याकडे लवकर कोंडते. पुस्तकात लिहिलेल्या अंतराची वाट न पाहता हंगामात ती वरचेवर साफ करणे हितावह ठरते.

चौथी गोष्ट घाटाची. निर्मलच्या घाटात उतरताना पुष्कळ चालक डिझेल वाचविण्याच्या आशेने गिअर काढून गाडी मोकळी सोडतात. हा समज चुकीचाच नव्हे, तर प्राणघातक आहे. आजच्या इंजिनांत डिझेल विद्युत यंत्रणेने सोडले जाते. गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला असता उतारावर डिझेलचा पुरवठा आपोआप बंद होतो. उलट गिअर काढल्यास इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल घेतच राहते, आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात. म्हणजे जो उपाय काटकसरीचा म्हणून केला जातो तो खर्चाचाही आहे आणि जिवावरचाही.

पाचवी गोष्ट, उभ्या गाडीचे इंजिन. अशा गाडीचे इंजिन नुसते चालू ठेवल्यास तासाला अर्धा ते एक लिटर डिझेल खाते. वजनकाट्यापुढे किंवा फाटकाशी थांबावे लागल्यास ते बंद करावे.

या सर्वांस आधार म्हणजे वही होय. टाकी काठोकाठ भरून किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरावी आणि किती लिटर लागले व किती अंतर झाले याचा भागाकार करावा. एवढी नोंद जो ठेवतो त्यास गाडीतील बिघाड आवाजाआधी कागदावर कळतो. रोजकीर्दीचे महत्त्व आपल्या समाजास सांगावयास नको. जो गाडीवान आपल्याकडे माल आणतो त्यास ही सवय लावून देणे हे आपले काम आहे.

हे सर्व उपाय नेटाने पाळले आणि त्यांनी समजा दहा टक्के डिझेल वाचले, तर आपल्या नागपूरच्या खेपेत तीन लिटर, म्हणजे सुमारे ३०० रुपयांची बचत होते. ती लहान नव्हे. पण ती पुरेशीही नव्हे.

फसवे उपाय

अडचणीतील माणूस जवळच्या वाटेस भुलतो. काही उपाय केवळ निरुपयोगी आहेत. पहाटे डिझेल भरल्यास थंडीमुळे अधिक मिळते, असा समज आहे. परंतु पंपाच्या टाक्या जमिनीखाली असल्याने त्यांतील तेलाचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. डिझेलच्या नळीस बांधावयाची चुंबके आणि टाकीत टाकावयाच्या गोळ्या यांचा लाभ विकणाऱ्यासच होतो. मापाविषयी शंका आल्यास पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असते. ते मागून खात्री करून घेण्याचा प्रत्येक गिऱ्हाइकास अधिकार आहे. या अधिकाराचा उपयोग करणे हे गोळीपेक्षा अधिक फलदायी होय.

सीमेपलीकडच्या डिझेलचा मोह थोडा निराळा आहे. २०२४ साली तेलंगणात डिझेलवर २७ टक्के, तर महाराष्ट्रात २१ टक्के मूल्यवर्धित कर होता. त्यामुळे पैनगंगेच्या दोन तीरांवरील दरांत लिटरमागे चार-पाच रुपयांचे अंतर पडले. नागपुरास किंवा पांढरकवड्यास जाणाऱ्या गाडीने वाटेत तिकडे टाकी भरली तर ती सरळ बचत आहे. परंतु केवळ डिझेलसाठी २५ किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याचा हिशेब पाहा. ५० लिटरवर ५ रुपयांप्रमाणे २५० रुपये वाचले; जाण्यायेण्याच्या ५० किलोमीटरांत साडेतीन लिटरांहून अधिक, म्हणजे सुमारे ३४० रुपयांचे डिझेल जळाले; वाटेवरचा टोल निराळाच. स्वस्त वस्तू दूर असेल तर ती स्वस्त राहत नाही, हे व्यापाऱ्यास नवे नाही.

काही उपाय मात्र निव्वळ घातक आहेत. डिझेलमध्ये रॉकेल मिसळणे, बायोडिझेलच्या नावाखाली बिनपावतीचे कोणतेही तेल घेणे, धुराची शुद्धी करणारे भाग काढून टाकणे, हे सर्व बेकायदेशीर आहे, आणि त्याने नाजूक पिचकाऱ्या व पंप बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च वर्षभराची 'बचत' एका दिवसात गिळून टाकतो.

सर्वांत मोठा फसवा उपाय म्हणजे जादा भार. दीड टनाच्या गाडीत अडीच टन घातल्यास दर क्विंटलमागे डिझेल कमी पडते, हे वरवर खरे आहे. परंतु पाटे मोडतात, टायर फुटतात, ब्रेक पुरत नाहीत, आणि अपघात झाल्यास विम्याच्या भरपाईचा वाद उभा राहतो. येथे एक प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. जादा भार गाडीत कोण घालतो? चालक घालतो, पण पुष्कळदा सांगतो तो व्यापारी. 'दोन खेपांचे भाडे कशाला, एकीतच बसव,' हे शब्द आपल्याच दुकानाच्या ओट्यावर उच्चारले जातात.

रिकामी परत आणि खोळंबा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपल्या कल्पित खेपेत रिकाम्या परतीचा खर्च सुमारे १,३७० रुपये होता. चालकाने जिवापाड जपून वाचविलेल्या ३०० रुपयांच्या हा साडेचार पट आहे. हीच गाडी परत येताना अर्धी भरलेली असती आणि लिटरास १३ किलोमीटर चालली असती, तर १४.३ ऐवजी १५.४ लिटर लागले असते. म्हणजे जवळजवळ १०५ रुपयांचे जादा डिझेल, आणि त्याबदली अर्ध्या गाडीचे भाडे! डिझेलच्या महागाईवर याहून मोठा उतारा नाही.

म्हणूनच अनुभवी गाडीमालक सर्वाधिक श्रम परतीचे भाडे मिळविण्यावर घेतात. मोबाइलवरील गटांतून, वाहतूक कचेऱ्यांतून, ओळखीच्या दुकानदारांतून ते विचारणा करीत राहतात. आठवडी बाजार करणारे चार-पाच व्यापारी मिळून एक गाडी ठरवितात आणि इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूर अशी फेरी आखतात. जाताना किराणा व कापड, येताना तेथील धान्य व वनोपज. अशा फेरीत गाडी रिकामी अशी थोडाच वेळ असते. एकत्र माल पाठविताना ज्याच्या त्याच्या मालाची पावती निराळी असावी, आणि ५०,००० रुपयांहून अधिक किमतीच्या मालास ई-वे बिल असावे. अनेकांच्या मालाचे एकत्रित ई-वे बिल काढण्याची सोय आहे. कागद नीट असले की वाटेत गाडी अडत नाही, आणि न अडलेली गाडी म्हणजे वाचलेले डिझेल.

रिकाम्या परतीचा भाऊ म्हणजे खोळंबा. कापसाच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात गाड्यांची रांग लागते. कापूस महामंडळाच्या आधारभूत खरेदीत ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असल्यास पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते, आणि १२ टक्क्यांहून अधिक ओला माल घेतला जात नाही. दव पडलेला कापूस पहाटे भरून आणलेल्या गाडीस ऊन चढेपर्यंत थांबावे लागते, आणि माल नाकारला गेल्यास सारी खेपच वाया जाते. ओलावा गावातच तपासून, कापूस वाळवून मगच गाडी भरली, तर शेतकऱ्याचे व गाडीवाल्याचे असे दोघांचेही कल्याण होते. २०२५ साली महामंडळाने 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर दिवस ठरवून माल आणण्याची पद्धत घातली. तिच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतील. परंतु गाडी येण्यापूर्वी तिची वेळ ठरलेली असावी, हे तत्त्व वादातीत आहे.

हे तत्त्व आपल्या गोदामांस का लागू करू नये? गाडी सकाळी दहास दाराशी येते. हमाल दुसरीकडे असतात. मुनीम पावती दुपारी करतो. माल संध्याकाळी उतरतो. व्यापाऱ्याचे काही गेले असे त्यास वाटत नाही. पण त्या गाडीची दुसरी खेप गेली, आणि उभ्या दिवसाचे सव्वासहा लिटर जळाले. पुढच्या वेळी तो गाडीवाला भाडे वाढवून सांगतो तेव्हा आपण डिझेलच्या दरास दोष देतो. त्यातील काही भाग आपल्याच दाराशी जळालेला असतो.

डिझेलशी बांधलेले भाडे

दराच्या अनिश्चिततेवर एक सोपा उपाय आहे. मोठ्या कंपन्यांच्या वाहतूक करारांत डिझेलच्या दरानुसार भाडे बदलण्याचे कलम असते. तेच कलम आपल्या तोंडी ठरावांत आणता येते. भाडे ठरविताना त्या दिवशीचा डिझेलचा दर आणि खेपेस लागणारे लिटर दोघांनी लिहून ठेवावे. पुढे दर जेवढा वाढेल किंवा उतरेल त्यास लिटरांनी गुणावे आणि तेवढी रक्कम भाड्यात मिळवावी अथवा वजा करावी. आपल्या उदाहरणात ३१ लिटरांची खेप आहे; लिटरमागे १० रुपये वाढल्यास भाड्यात ३१० रुपयांची भर पडेल, आणि १० रुपये उतरल्यास तेवढीच सूट मिळेल. यात कोणाची मेहेरबानी नाही आणि कोणाची फसवणूक नाही.

कोणी म्हणेल, बाजारात गाड्या पुष्कळ आहेत. एकाने नाकारले तर दुसरा कमी भाड्यात येईल. हे खरे आहे, आणि याच कारणाने गाडीमालक परस्परांशी चढाओढ करून तोट्याची भाडी स्वीकारतात. परंतु तोट्यात चालणारी गाडी फार काळ चालत नाही. प्रथम तिचे टायर बदलणे लांबते, मग ब्रेकची दुरुस्ती लांबते, मग हप्ता थकतो; आणि एके दिवशी ऐन हंगामात ती गाडी सावकाराच्या आवारात उभी असते. त्या वेळी माल आपलाच अडतो. तसेच भाडे उधारीवर ठेवण्याची आपली सवयही तपासण्यासारखी आहे. पंपवाला रोखीने डिझेल देतो. आपण महिन्याने भाडे दिले, तर त्या महिन्याचे व्याज तो गरीब गाडीवाला भरतो.

नवी वाहने

गाडी बदलण्याचा मार्गही काहींनी धरला आहे. जेथे नैसर्गिक वायूचा पंप जवळ आहे तेथे वायूवर चालणारी लहान मालवाहू गाडी उपयोगी पडते. जेथे तो नाही तेथे तिचा विचार व्यर्थ. विजेवर चालणारी टाटा एस २०२२ साली निघाली, आणि विजेच्या तीनचाकी मालगाड्याही मिळतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेलंगण सरकारने विजेच्या गाड्यांस मार्गकर व नोंदणी शुल्कातून सूट जाहीर केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील व टायरांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आदिलाबाद शहरातल्या शहरात, गोदामापासून दुकानापर्यंत रोज ठरावीक अंतर जाणाऱ्या गाडीस वीज सोयीची ठरू शकेल. उटनूरच्या डोंगरी वाटेस आणि नागपूरच्या लांब खेपेस मात्र डिझेल गाडीला सहज पर्याय अद्याप दिसत नाही. नवे कर्ज काढण्यापूर्वी जुन्या गाडीची वही पाहावी. ती काय सांगते त्यावर निर्णय करावा.

आपल्या व्रतांच्या प्रकाशात

शेवटी एक गोष्ट आपल्या परंपरेतील. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत त्यांत 'अतिभारारोपण' हा एक आहे. ज्या काळी तो सांगितला त्या काळी भार बैलाच्या पाठीवर होता. पिकअपला जीव नाही हे खरे. पण तिच्या चाकामागे बसलेल्यास आहे, समोरून येणाऱ्यास आहे, आणि हप्त्याच्या चिंतेने रात्री गाडी हाकणाऱ्या माणसावर तोट्याच्या भाड्याचा जो बोजा आपण घालतो तोही भारच होय. तसेच आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे प्रकार सांगितले त्यांत 'प्रमादचर्या' आहे, आणि निष्प्रयोजन हिंडणे व दुसऱ्यास हिंडविणे यांचा समावेश त्यांनी तीत केला आहे. रिकामी परत येणारी गाडी, दाराशी दिवसभर खोळंबलेली गाडी, ओल्या कापसापायी मागे फिरविलेली गाडी, ही आजच्या व्यापारातील प्रमादचर्या नव्हे तर दुसरे काय?

तात्पर्य, डिझेलचा दर आपल्या हाती नाही. तो जगाच्या बाजारावर आणि सरकारच्या करावर ठरतो. वेग, हवा, गिअर आणि वही ही चालकाच्या हाती आहेत. परंतु परतीचे भाडे, वेळेवर उतरविलेला माल, मापाचा भार, दराशी बांधलेले भाडे आणि रोखीचा चुकारा ही व्यापाऱ्याच्या हाती आहेत, आणि हिशेबाने पाहता मोठी बचत याच बाजूस आहे. आपल्या संघाच्या सभासदांनी येत्या हंगामापासून निदान दोन गोष्टी कराव्यात अशी विनंती आहे: नागपूर वा हैदराबादहून माल आणावयाचा असेल तेव्हा इकडून जाणाऱ्या गाडीची चौकशी संघात प्रथम करावी, आणि दाराशी आलेली गाडी चार तासांत मोकळी करावी. यास एक पैशाचे भांडवल लागत नाही. जो माणूस आपला माल रात्रीच्या अंधारात घाट उतरून सुखरूप पोहोचवितो, त्याचा ताळेबंद जमेचा राहिला, तरच आपला राहील.